एका खेळाच्या व्यापाराची पन्नास वर्षे

व्यापाराचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कापूस, मीठ, मसाले, लोखंड अशा भरभक्कम वस्तू उभ्या राहतात. खेळ ही तर रिकामपणाची गोष्ट. पण खेळालाही बाजारभाव असतो. तेथेही भांडवल गुंतते, भागीदार भांडतात, उधारी थकते आणि पेढ्या बुडतात. आज आम्ही श्रोत्यांपुढे ज्या धंद्याचा वृत्तांत मांडणार आहोत, त्याचा जन्म १९७४ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा नावाच्या एका लहानशा गावी झाला. पन्नास वर्षांत त्याने तीन वेळा मोठी भरती पाहिली आणि तितक्याच वेळा ओहोटीही पाहिली. हा धंदा केवढा मोठा आहे, एवढेच सांगायचे असते तर आम्ही आपला एवढा वेळ घेतला नसता. त्याच्या इतिहासात एक मूलगामी प्रश्न दडलेला आहे. ज्या मालाचा मोठा भाग गिऱ्हाईक स्वतःच्याच डोक्यातून पुरवते, त्या मालाचा धनी कोण?

प्रथम हा खेळ कोणता, ते पाहू. इंग्रजीत त्याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आपण त्यास भूमिका-खेळ म्हणू. चार-सहा मंडळी मेजाभोवती बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एकेक सोंग घेतात: कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार प्रसंग सांगतो. समोर बंद दरवाजा आहे, आतून कण्हण्याचा आवाज येत आहे. आता तुम्ही काय करता? ज्याचे त्याने उत्तर द्यायचे. दार फुटले की नाही, तलवार लागली की हुकली, हे फासे आणि नियमांचे पुस्तक ठरवते. आपल्याकडील श्रोत्यांना कोकणातील दशावतारी खेळाचे स्मरण व्हावे. तेथे आख्यान कोणते ते आधी ठरते, पण संवाद कोणी लिहून देत नाही. रंगमंचावर उभे राहिल्यावर जो तो आपल्या बुद्धीने बोलतो. त्या खेळातून प्रेक्षक वजा करा, त्यात फासे मिळवा, म्हणजे भूमिका-खेळाची पुष्कळशी कल्पना येईल. हार-जीत येथे नाही. कथा पुढच्या बैठकीत पुढे चालते, आणि काही ठिकाणी ती वर्षानुवर्षे चालते.

या खेळाची वंशावळ पाहू गेल्यास तिचे एक टोक आपल्याच देशात सापडते. चतुरंग इराणमार्गे युरोपात गेले आणि तेथे त्याचे बुद्धिबळ झाले. त्या बुद्धिबळाचा पट वाढवून जर्मनीतील ब्राउन्श्वाइग येथील हेलविग यांनी १७८० साली युद्धाचा एक खेळ रचला. पुढे प्रशियाच्या सैन्यात राइस्वित्स पितापुत्रांचा युद्धखेळ शिरला आणि १८२४ नंतर तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचे साधन बनला. त्यात निर्णय देण्यासाठी एक पंच बसू लागला. आजच्या सूत्रधाराचा तो पूर्वजच होय. १९१३ साली एच. जी. वेल्स यांनी शिशाच्या सैनिकांनी खेळण्याचे नियम पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत अशा युद्धखेळांचे हौशी लोक गावोगावी मंडळे करून राहू लागले. ही मंडळे लहान असत. पण पत्रव्यवहार, हस्तपत्रिका आणि वार्षिक मेळावे यांनी ती एकमेकांशी जोडलेली होती.

अशा हौशी मंडळींपैकी दोघांनी आपला खेळ जन्मास घातला. मिनेसोटातील डेव्ह आर्नेसन यांनी, डेव्ह वेस्ली यांच्या एका प्रयोगापासून स्फूर्ती घेऊन, फलटणीऐवजी एकाच माणसाचे सोंग खेळण्याची पद्धत रूढ केली. लेक जिनिव्ह्याचे गॅरी गायगॅक्स हे विमा कंपनीत नोकरीस होते. १९७० साली ती नोकरी गेल्यावर ते घरी जोडे दुरुस्त करून संसार चालवीत. आर्नेसन यांच्या कल्पनेला त्यांनी नियमांचे रूप दिले. प्रचलित प्रकाशकांनी हे बाड घेतले नाही. तेव्हा गायगॅक्स आणि त्यांचे बालमित्र डॉन के यांनी ऑक्टोबर १९७३ मध्ये प्रत्येकी एक हजार डॉलर घालून टीएसआर नावाची भागीदारी काढली. के यांनी आपला हिस्सा विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून उभा केला होता. छपाईला पैसे अपुरे पडले, म्हणून ब्रायन ब्लूम हे तिसरे भागीदार दोन हजार डॉलर घेऊन आले. जानेवारी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने एक हजार प्रती निघाल्या. तीन पातळ पुस्तिका, एक साधी पेटी, किंमत दहा डॉलर. पेट्या घरीच हाताने भरल्या जात. त्या हजार प्रती संपायला वर्षाचा बहुतेक काळ लागला. पुढे ज्याच्यासाठी कोट्यवधी डॉलरांचे सौदे झाले, त्या मालाची पहिली वखार म्हणजे एका मध्यमवर्गीय घराचे तळघर होते.

आता या धंद्याच्या अर्थशास्त्राकडे वळू. कारण पुढचा सर्व इतिहास त्यातूनच उगवला आहे. साबण विकणारा निश्चिंत असतो, कारण साबण झिजतो. बुद्धिबळाचा पट विकणाराही निर्धास्त असतो, कारण पट लहान आणि घरे पुष्कळ. भूमिका-खेळाचा प्रकाशक मात्र दुहेरी अडचणीत आहे. सहा जणांच्या बैठकीत पुस्तक बहुधा एकटा सूत्रधार विकत घेतो. बाकीचे पाच जण त्याच्या पुस्तकावर खेळतात. शिवाय एकदा नियम कळले की पुन्हा काहीही विकत घेण्याची गरज उरत नाही. कागद, पेन्सिल, फासे आणि कल्पनाशक्ती एवढ्यावर माणूस आयुष्यभर खेळू शकतो. म्हणजे माल जितका उत्तम, तितके गिऱ्हाईक लवकर हातचे जाते. यावर प्रकाशकांनी तीन उपाय शोधले. पहिला, पुरवण्या छापणे. पण प्रत्येक पुरवणी आधीच्यापेक्षा थोड्यांना हवी असते. दुसरा, दर काही वर्षांनी नियम बदलून नवी आवृत्ती काढणे. पण त्याने जुने लोक दुखावतात. तिसरा, सतत नवे खेळाडू मिळवणे. आणि हे काम प्रकाशकाच्या हातचे नसून जुन्या खेळाडूंच्या हातचे असते, कारण हा खेळ पुस्तक वाचून फार थोडे शिकतात. कोणाच्या तरी शेजारी बसूनच तो शिकावा लागतो. या धंद्यातील चढउतार या तीन उपायांच्या प्रमाणाने ठरले, असे आमचे मत आहे.

पहिली काही वर्षे नवे खेळाडू आपोआप येत गेले. महाविद्यालयांतून खेळ पसरला. प्रतिस्पर्धीही लगेच उभे राहिले: १९७५ मध्ये 'टनेल्स अँड ट्रोल्स', १९७७ मध्ये अंतराळप्रवासावरील 'ट्रॅव्हलर', १९७८ मध्ये 'रूनक्वेस्ट', १९८१ मध्ये भयकथांवर आधारलेला 'कॉल ऑफ कथुल्हू'. इंग्लंडमध्ये तीन तरुणांनी १९७५ साली गेम्स वर्कशॉप ही पेढी काढली आणि पहिल्या मागणीत या खेळाच्या फक्त सहा प्रती मागवल्या. त्या सहा प्रतींच्या जोरावर त्यांना साऱ्या युरोपची मक्तेदारी मिळाली. विकणारा आणि घेणारा दोघेही किती लहान होते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण नाही. पुढे ती मक्तेदारी संपली, तेव्हा त्या पेढीने १९८३ मध्ये स्वतःचा 'वॉरहॅमर' हा युद्धखेळ काढला आणि धातूच्या सैनिकांच्या विक्रीवर ती अशी वाढली की आज ती या सर्व कथेतील अनेकांहून श्रीमंत आहे. सैनिक प्रत्येकाला विकत घ्यावे लागतात, आणि तेही पलटणीने. पुस्तक मात्र सहा जणांत एक. अर्थशास्त्र बदलले की दैव बदलते, ते असे.

टीएसआरच्या घरी मात्र सुरुवातीपासून ग्रहण होते. डॉन के जानेवारी १९७५ मध्ये हृदयविकाराने वारले. त्यांचा हिस्सा विकत घेण्यास गायगॅक्स यांच्याजवळ पैसे नव्हते; भागीदारी मोडून कंपनी झाली आणि बहुमत ब्लूम कुटुंबाकडे गेले. ज्याच्या नावाने खेळ ओळखला जात होता, तो स्वतःच्या कंपनीत अल्पमतात आला. सहकर्ते आर्नेसन हेही मानधनाच्या वादावरून १९७९ मध्ये न्यायालयात गेले. १९८१ मध्ये तडजोड झाली.

त्याच १९७९ साली मिशिगनमधील एक विद्यार्थी बेपत्ता झाला आणि तो या खेळाच्या नादाने विद्यापीठाखालील भुयारांत हरवला असावा अशी हाकाटी वृत्तपत्रांनी केली. कारण खरे नव्हते. पण देशभर खेळाचे नाव झाले. पुढे काही धार्मिक मंडळींनी हा सैतानाचा खेळ ठरवून त्याविरुद्ध मोहिमा काढल्या. या बदनामीने खेळाचे नुकसान झाले असेल असे वाटते. पण दुकानात गर्दी वाढली. माल इतका खपू लागला की पेटीत घालायला फासे पुरेनात. काही काळ फाशांऐवजी आकडे छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे आणि नंतर फासे मिळण्याची चिठ्ठी घालावी लागली. १९८३ पर्यंत कंपनीची वार्षिक विक्री दोन कोटी डॉलरच्या पलीकडे गेली होती.

येथेच बडा घर पोकळ वासा ही म्हण खरी ठरू लागली. नातेवाइकांना नोकऱ्या, मोटारी, भरतकामाच्या साहित्याचा एक विकत घेतलेला धंदा, इतकेच नव्हे तर गावच्या तळ्यात बुडालेली एक जुनी आगबोट वर काढण्याचा खर्च, असे सगळे या खेळाच्या पेढीने अंगावर घेतले. वाढ कायमचीच आहे असे धरून माणसे भरली गेली. वाढ मंदावताच १९८३-८४ मध्ये कर्मचारी तुकड्यातुकड्यांनी कमी करावे लागले. १९८५ मध्ये गायगॅक्स यांनी व्यवस्थापनासाठी ज्यांना आणले त्या लॉरेन विल्यम्स यांनीच ब्लूम कुटुंबाचे भाग विकत घेऊन कंपनी ताब्यात घेतली. गायगॅक्स न्यायालयात गेले आणि हरले. ज्या माणसाने जोडे शिवता शिवता हा खेळ उभा केला, तो अकरा वर्षांत स्वतःच्या घरातून बाहेर पडला. पुढे त्यांनी दुसरा एक खेळ काढला, तेव्हा त्यांच्याच जुन्या कंपनीने त्यांच्यावर दावा लावला. १९९४ मध्ये तोही खेळ तिने विकत घेऊन मिटवला.

विल्यम्स यांच्या कारकिर्दीस केवळ दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांनी बुडती कंपनी तारली आणि बारा वर्षे चालवली. कादंबऱ्यांचा व्यवसाय भरभराटीस आला. १९८९ मध्ये खेळाची दुसरी आवृत्ती निघाली. पण गिऱ्हाईक वाढेना, म्हणून त्याच गिऱ्हाइकाला अधिक माल देण्याचा मार्ग धरला गेला. एकाच खेळासाठी वेगवेगळी कल्पित जगे निघू लागली: १९८७ मध्ये 'फर्गॉटन रेल्म्स', १९८९ मध्ये 'स्पेलजॅमर', १९९० मध्ये 'रेव्हनलॉफ्ट', १९९१ मध्ये 'डार्क सन', १९९४ मध्ये 'प्लेनस्केप', १९९५ मध्ये 'बर्थराइट'. यांतील कित्येक कल्पनेने फार सुंदर होती. परंतु जो एका जगात खेळू लागला त्याला दुसऱ्या जगाचे पुस्तक नकोसे झाले. एका गावाचा बाजार होता, त्याच्या सात वाड्या झाल्या आणि प्रत्येक वाडीत स्वतंत्र दुकान घालावे लागले. विक्रीचा आकडा मोठा दिसे. एकेका पुस्तकाचा खप मात्र घटत गेला.

तशात बाहेरून दोन धक्के बसले. १९९१ मध्ये जॉर्जियातील व्हाइट वुल्फ या पेढीने 'व्हँपायर: द मास्करेड' काढला आणि जुन्या खेळाकडे ढुंकून न पाहणाऱ्या तरुण-तरुणींना या छंदात आणले. दुसरा धक्का त्याहून मोठा होता. सिएटलजवळ विझार्ड्स ऑफ द कोस्ट नावाची पेढी पीटर ॲडकिसन चालवीत होते. त्यांनी गणिताचे अभ्यासक रिचर्ड गारफील्ड यांचा 'मॅजिक: द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ १९९३ मध्ये बाजारात आणला. यात प्रत्येक खेळाडूला स्वतःचे पत्ते हवेत. पुडी बंद असते, आत काय निघेल ते ठाऊक नसते, आणि नवे पत्ते सतत निघत राहतात. भूमिका-खेळाच्या प्रकाशकाची जी दुहेरी अडचण आम्ही वर सांगितली, ती येथे उरलीच नाही. दुकानदारांचे पैसे पुस्तकांकडून पत्त्यांकडे वळले. 'ट्रॅव्हलर' काढणारी जीडीडब्ल्यू १९९६ मध्ये बंद पडली. वेस्ट एंड गेम्स १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली.

टीएसआरच्या पतनाचे जवळचे कारण मात्र हिशेबाचे होते, आणि आपल्याकडील व्यापारी मंडळींना ते चटकन समजेल. पुस्तकांच्या दुकानांतील विक्री रँडम हाऊस या मोठ्या संस्थेमार्फत होई. माल रवाना होताच टीएसआरला त्याच्या किमतीतील वाटा आगाऊ मिळे. ही एक प्रकारची हुंडीच होती. न खपलेला माल परत आला की तो पैसा देणे लागे. हाती रोकड हवी असली की अधिक माल छापून रवाना करावा, म्हणजे पैसे येत. खप झाला आहे की नाही हे नंतर पाहू, अशी सवय जडली. पत्त्यांच्या लाटेवर स्वार होण्यासाठी काढलेले संग्रहणीय फासे आणि कादंबऱ्या १९९६ मध्ये मोठ्या प्रमाणावर परत आल्या. मुद्रकाची उधारी थकली आणि त्याने छपाई थांबवली. कर्ज तीन कोटी डॉलरच्या घरात गेले. शेवटी १९९७ च्या वसंतात, ज्या विझार्ड्सच्या पत्त्यांनी हा बाजार फिरवला होता, तिनेच टीएसआर विकत घेतली. व्यवहारात भाग घेतलेले रायन डॅन्सी यांनी पुढे लिहिले की, गिऱ्हाइकाला काय हवे हे विचारण्याची कोणतीच पद्धत त्या कंपनीत नव्हती. आमच्या मते सगळ्या कर्जाहून हे दारिद्र्य मोठे होते.

१९९९ मध्ये विझार्ड्सही हॅस्ब्रो या खेळण्यांच्या बलाढ्य कंपनीने सुमारे साडेबत्तीस कोटी डॉलरना विकत घेतली. पोकेमॉनच्या पत्त्यांमुळे ही किंमत आली. भूमिका-खेळ त्या पोत्यातील एक मूठ होता. २००० साली तिसरी आवृत्ती निघाली आणि तिच्याबरोबर डॅन्सी यांच्या पुढाकाराने एक अभूतपूर्व परवाना आला. खेळाच्या नियमांचा गाभा कोणीही वापरावा, त्यावर आपली पुस्तके लिहावी आणि विकावी; मूळ मालकास काही द्यावे लागणार नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर सावकाराने आपल्या शेताचा एक तुकडा गायरान म्हणून सोडला. त्यात केवळ औदार्य नव्हते. इतरांनी पुरवण्या छापाव्या, म्हणजे त्या कमी नफ्याच्या कामातून आपण सुटू. आणि सगळ्यांची गुरे याच गायरानात चरू लागली की प्रत्येकाला मूळ नियमांचे पुस्तक आपल्याकडूनच घ्यावे लागेल, असा तो हिशेब होता. हिशेब खरा ठरला. शेकड्यांनी लहान प्रकाशक उभे राहिले. पण गायरानात गर्दीही झाली. निकृष्ट पुस्तकांनी दुकाने भरली, आणि २००३ मध्ये सुधारित नियम येताच कित्येकांचा साठा पडून राहिला.

गायरानाचा खरा अर्थ २००८ मध्ये कळला. त्या वर्षी चौथी आवृत्ती निघाली. नियम फारच बदलले होते आणि नवा परवाना जाचक होता. पायझो ही पेढी तोवर विझार्ड्सच्या परवान्याने या खेळाची दोन मासिके चालवीत असे. २००७ मध्ये ते काम तिच्याकडून गेले होते. पोट कशावर भरायचे हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा तिने जुन्या आवृत्तीचे मोकळे नियम उचलले, ते सुधारले आणि २००९ मध्ये 'पाथफाइंडर' नावाने प्रसिद्ध केले. नवे कुंपण न आवडलेले हजारो खेळाडू तिकडे गेले. दुकानदारांना विचारून क्रमवारी लावणाऱ्या आयसीव्ही२ या व्यापारी पत्राच्या यादीत २०११ पासून काही काळ 'पाथफाइंडर' पहिल्या स्थानावर राहिला. जन्मापासून जो खेळ बाजाराचा धनी होता, त्याला त्याच्याच जुन्या नियमांनी मागे टाकले. मालक बाजूला सरला तरी गायरान जागेवर राहते, ते असे.

बाजारातील हिस्सा हा शब्द आपण फार सहज वापरतो. पण कोणत्या बाजारातील? जर्मनीत १९८४ पासून 'दास श्वार्त्से आउगे' हा देशी खेळ अग्रेसर राहिला. स्वीडनमध्ये १९८२ च्या 'ड्राकार ओक देमोनेर'ने पिढी घडवली. जपानात तर 'कॉल ऑफ कथुल्हू'ची लोकप्रियता अमेरिकी अग्रणीहून अधिक आहे. जेथे प्रथम चांगले भाषांतर किंवा स्वभाषेतील खेळ स्वस्तात पोचला, तेथे तोच रुजला. एका देशातील अजिंक्यपण दुसऱ्या देशाच्या वेशीवर संपते. मोजमापाचेही तसेच. यांतील बहुतेक कंपन्या खाजगी. हॅस्ब्रोसारखी मोठी कंपनी सगळ्या खेळांचा हिशेब एकत्र दाखवते. म्हणून क्रमवारी मिळते, तराजू मिळत नाही. आयसीव्ही२च्या अंदाजाप्रमाणे २०१३ साली उत्तर अमेरिकेत छंदखेळांचा एकूण किरकोळ व्यापार सुमारे ७० कोटी डॉलर होता आणि त्यात भूमिका-खेळ फक्त दीड कोटी. म्हणजे रुपयात दोन पैसे. ज्याचे नाव घरोघर, त्याचे दुकान कोपऱ्यात, अशी ही स्थिती होती.

२०१४ मध्ये पाचवी आवृत्ती आली. ती काढण्यापूर्वी कंपनीने मसुदा हजारो खेळाडूंच्या हाती देऊन त्यांचे म्हणणे ऐकले. नियम सोपे झाले. पुस्तकांची संख्या मुद्दाम आवरती ठेवली गेली. त्याच सुमारास एक अनपेक्षित गोष्ट घडली. २०१५ पासून 'क्रिटिकल रोल' या मंडळीने आपली बैठक इंटरनेटवर प्रत्यक्ष दाखवण्यास आरंभ केला. जो खेळ शेजारी बसूनच शिकावा लागे, त्यासाठी आता लक्षावधींना शेजार मिळाला. २०१६ मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेने त्यात भर घातली. त्याच व्यापारी पत्राच्या अंदाजात २०१९ पर्यंत भूमिका-खेळांचा आकडा आठ कोटी डॉलरवर गेला होता. सहा वर्षांत पाचपट. तरीही एकूण छंदखेळांत तो पाच टक्क्यांच्या आतच होता. आणि या वाढीतील सिंहाचा वाटा एकाच खेळाचा. दूरस्थ खेळण्याची सोय देणाऱ्या रोल२० या संस्थेने २०२०-२१ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या आकड्यांत तेथील अर्ध्याहून अधिक बैठका पाचव्या आवृत्तीच्या होत्या. लहान प्रकाशकांनीही लोकवर्गणीचा मार्ग शोधला: पुस्तक छापण्यापूर्वीच गिऱ्हाइकांकडून पैसे गोळा करायचे. हुंडीचा रोग ज्या धंद्याला जडला होता, त्याला हे औषध बरेच मानवले.

इतके सुदिन आल्यावर जुनी बुद्धी परत आली. डिसेंबर २०२२ मध्ये विझार्ड्सच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी गुंतवणूकदारांपुढे सांगितले की, या खेळातून जितका पैसा निघावा तितका निघत नाही. खेळाडूंपैकी वीसेक टक्केच सूत्रधार आहेत, पण खर्चाचा सर्वांत मोठा वाटा तेच उचलतात. १९७४ मधली अडचण २०२२ मध्येही जशीच्या तशी होती. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०२३ मध्ये, नव्या परवान्याचा मसुदा बाहेर फुटला. जुना परवाना यापुढे मान्य नाही. साडेसात लाख डॉलरांवरील विक्रीवर पंचवीस टक्क्यांपर्यंत हिस्सा द्यावा लागेल. असा त्याचा आशय होता. तेवीस वर्षे ज्या गायरानावर गुरे चरली, त्यावर आता चराईची पट्टी बसणार होती. लहान प्रकाशकांच्या दृष्टीने हा जीवनमरणाचा प्रश्न होता. अनेकांचे घर त्या उत्पन्नावर चालत होते. खेळाडूंनी कंपनीची मासिक वर्गणी बंद करण्याचा धडाका लावला. पायझोने इतर प्रकाशकांसह कोणा एकाच्या मालकीचा नसलेला परवाना तयार करण्याचे जाहीर केले; आठ महिने पुरेल एवढा 'पाथफाइंडर'च्या मूळ पुस्तकाचा साठा दोन आठवड्यांत संपल्याचे तिने सांगितले. २७ जानेवारीस विझार्ड्सने माघार घेतली आणि नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली, परत घेता येणार नाही अशा रीतीने, मोकळा केला. सावकाराने सातबाराच गावाच्या नावे करून दिला.

या सगळ्यातून आम्ही तीन गोष्टी काढतो. पहिली, हिस्सा आणि प्रकृती या भिन्न गोष्टी आहेत. टीएसआर बाजारात पहिली असतानाच बुडाली; आणि एका घराकडे एवढा मोठा हिस्सा असला की त्या घराला शिंक आली तरी गल्लीला पडसे होते. दुसरी, या धंद्याची संकटे खेळ नावडल्याने आली नाहीत. खेळणारे प्रत्येक वेळी होतेच. संकट आले ते गिऱ्हाईक आपले कूळ आहे असे मालकाने धरले तेव्हा. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पुस्तकात छापलेले नियम हा मालाचा अर्धाच भाग असतो. उरलेला अर्धा भाग दर शनिवारी रात्री कोणाच्या तरी घरी, मेजाभोवती, फुकट तयार होतो. त्या अर्ध्या भागाची किंमत कोणत्याही ताळेबंदात धरलेली नसते. पण तोच नसता तर ताळेबंदच नसता.

गायगॅक्स २००८ मध्ये आणि आर्नेसन २००९ मध्ये वारले. २०२४ मध्ये त्यांच्या खेळास पन्नास वर्षे झाली आणि त्या निमित्ताने नियमांची नवी पुस्तके निघाली. ती किती खपली याचा हिशेब भागधारक ठेवतील, आणि तो त्यांनी ठेवावाच. पेढी बुडाली की लेखक, चित्रकार, मुद्रक आणि दुकानदार या सर्वांच्या चुली विझतात, हे १९९६-९७ ने दाखवून दिले आहे. तथापि या धंद्याची नाडी पाहायची असेल तर वैद्याने बोट ताळेबंदावर ठेवू नये. एखाद्या गावात सहा अनोळखी माणसे पुन्हा पुढच्या आठवड्यात भेटण्याचे ठरवून उठतात की नाही, एवढेच त्याने पाहावे. ती उठत असतील तोवर खेळ जिवंत आहे. आणि व्यापाऱ्याला शहाणपण असेल, तर त्या मेजापाशी तो मालक म्हणून न जाता पाहुणा म्हणून जाईल.